यादीतल्या प्रत्येकाची पाळी : लूप म्हणजे नेमके काय?

"मॅडम, पोरगं चार दिवस झाले एकाच धड्यावर अडकलंय. लूप, लूप म्हणतंय. ते असतंय तरी काय?" पलूस तालुक्यातल्या एका पालकांनी मला हा प्रश्न विचारला. त्यांच्याकडे चार म्हशी आहेत आणि सकाळ-संध्याकाळ ते गावच्या डेअरीवर दूध घालतात. मुलगा अकरावीत आहे आणि त्याने संगणकशास्त्र घेतले आहे. सीबीएसईच्या अकरावीच्या या विषयात पायथॉन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली जाते, आणि मी सांगलीत संध्याकाळच्या वेळी अशा मुलांना तीच शिकवते. कृत्रिम बुद्धिमत्ता आता प्रोग्रॅमसुद्धा लिहून देते अशा बातम्या रोज येत असताना मुले नेमके काय शिकत आहेत आणि कशावर अडत आहेत, हे पालकांना समजावे असे मला मनापासून वाटते. म्हणून त्या पालकांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे. नव्याने शिकणाऱ्या कोणालाही, मग तो अकरावीतला असो की चाळिशीतला, ते उपयोगी पडावे.

## डेअरीवरची रांग

दूध संकलन केंद्रावर सकाळी काय घडते ते आठवा. किटल्या आणि कॅन घेऊन सभासद रांगेत उभे असतात. पहिल्या सभासदाचे दूध मोजले जाते, नमुना घेऊन फॅट तपासले जाते आणि यंत्रातून पावती निघते. मग दुसरा सभासद पुढे येतो आणि त्याच्याही बाबतीत माप, फॅट आणि पावती ही तीन कामे त्याच क्रमाने होतात. रांग संपेपर्यंत हेच चालते. रांग संपली की केंद्रचालक त्या वेळच्या दुधाची एकूण बेरीज करतो, आणि हे काम मात्र एकदाच होते.

लूप म्हणजे एवढेच. रांगेतल्या प्रत्येकासाठी ठरलेली कामे ठरलेल्या क्रमाने एकेकदा करणे आणि रांग संपली की पुढच्या कामाला लागणे, अशी संगणकाला दिलेली ती सूचना असते. रांगेच्या जागी संगणकात यादी असते, जिला पायथॉनमध्ये लिस्ट म्हणतात. पावती छापण्याच्या जागी प्रिंट नावाची आज्ञा असते, जी कागदावर नव्हे तर पडद्यावर मजकूर उमटवते.

या चित्रातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वजनकाट्यासमोर एका वेळी एकच माणूस असतो. मागे तीस जण उभे असले तरी "आता काट्यावर कोणाचे दूध आहे?" या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी एकच असते. लूप वाचताना अडखळणारा विद्यार्थी बहुतेक वेळा हाच प्रश्न स्वतःला विचारायला विसरलेला असतो.

## यादी आणि तीन ओळी

प्रोग्रॅम दाखवण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात पायथॉनच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर फॉर, इन, इफ, प्रिंट हे शब्द इंग्रजी लिपीतच टंकावे लागतात आणि आकडेही इंग्रजी पद्धतीचेच द्यावे लागतात. आपण ठेवलेली नावे आणि अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र खरोखर देवनागरीत चालतो. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून ही सोय आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ती जितक्या लवकर सांगावी तितके चांगले.

```
तालुके = ["मिरज", "तासगाव", "पलूस", "कडेगाव"]

फॉर तालुका इन तालुके:
    प्रिंट(तालुका)
```

सांगली जिल्ह्यात तालुके दहा आहेत, येथे चारच घेतले आहेत. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात, स्वल्पविराम देऊन, चार नावे मांडली आणि त्या सगळ्या रांगेला "तालुके" हे नाव दिले. पुढची ओळ मराठीत अशी वाचावी : "तालुके या यादीतला एकेक घटक घे, त्याला तात्पुरते तालुका म्हण, आणि प्रत्येकासाठी पुढील काम कर." ते काम तिसऱ्या ओळीत आहे, आणि ते एवढेच की तालुका या नावात आत्ता जे आहे ते पडद्यावर उमटव. प्रोग्रॅम चालवला की मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव ही नावे एकाखाली एक दिसतात.

येथे अनेकवचन आणि एकवचन यांतला फरक जाणीवपूर्वक ठेवला आहे. "तालुके" ही सगळी रांग आहे आणि "तालुका" हा काट्यासमोर आलेला एक जण आहे. संगणकाला या मराठी व्याकरणाशी काही देणेघेणे नाही, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत, इतकेच. पण वाचणाऱ्या माणसाला एकवचन-अनेकवचनाची ही जोडी फार मोठा आधार देते, आणि ज्या मुलांना मी सुरुवातीपासून अशी नावे ठेवायला लावते त्यांच्या चुका कमी होतात असा माझा अनुभव आहे.

लूप किती वेळा फिरणार हे आपण कोठेही लिहिले नाही, याकडेही लक्ष द्यावे. यादीत चार नावे होती म्हणून तो चार वेळा फिरला, दहा असती तर दहा वेळा फिरला असता. यादी रिकामी असेल तर तो एकदाही फिरत नाही आणि कसली तक्रारही करत नाही. ज्या दिवशी दूध घालायला कोणीच आले नाही त्या दिवशी पावती निघत नाही, म्हणून यंत्र बिघडले असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

प्रिंटविषयीही दोन गोष्टी येथेच सांगते. ही आज्ञा प्रत्येक वेळी मजकूर उमटवून झाल्यावर आपोआप नव्या ओळीवर जाते. सगळी नावे एकाच ओळीत हवी असतील तर तिच्या कंसात एंड या नावाने शेवटी काय जोडायचे ते सांगावे लागते, उदाहरणार्थ मोकळी जागा. दुसरी गोष्ट जुन्या पुस्तकांविषयी आहे. काही पुस्तकांत प्रिंटनंतर कंसच नसतात, कारण ती पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली असतात. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे. अशी पुस्तके हाती आली तर कंस घालून वाचावीत.

## आत काय, बाहेर काय

मुलगा ज्या धड्यावर चार दिवस अडकला होता तो येथे येतो. त्याला दुधाची बेरीज करायची होती आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम साधारण असा होता :

```
लिटर = [६.५, ४, ९, ५.५]

फॉर माप इन लिटर:
    एकूण = ०
    एकूण = एकूण + माप
    प्रिंट(एकूण)
```

त्याला एकच उत्तर हवे होते, २५. पडद्यावर आले चार आकडे : ६.५, ४, ९ आणि ५.५. बेरीज झालीच नाही आणि यादी मात्र जशीच्या तशी छापली गेली. चूक कोठेच दाखवली जात नव्हती, कारण संगणकाच्या दृष्टीने यात चूक नव्हती. त्याला जे सांगितले ते त्याने अक्षरशः केले.

पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवून लिहिली आहे याला अर्थ असतो. फॉरच्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम येतो आणि त्याखाली, रिवाजाप्रमाणे चार मोकळ्या जागा सोडून, ज्या ओळी लिहिल्या जातात त्या लूपच्या आत असतात. त्या प्रत्येक फेरीत होतात. पुन्हा डावीकडच्या कडेला आलेली ओळ लूपच्या बाहेर असते आणि ती फेऱ्या संपल्यावर एकदाच होते. वहीत समास सोडून लिहिणे ही आपल्याकडे नीटनेटकेपणाची बाब असते, येथे मात्र समास म्हणजेच व्याकरण आहे.

वरच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही ओळी आत आहेत. म्हणजे केंद्रचालक प्रत्येक सभासद पुढे आला की बेरजेची पाटी पुसतो, त्यावर शून्य लिहितो, त्या एकाचे माप मिळवतो आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवतो. पाटी रांग सुरू होण्यापूर्वी एकदाच पुसायची असते आणि बेरीज रांग संपल्यावर एकदाच वाचायची असते. म्हणून पहिली ओळ वर, लूपच्या आधी गेली पाहिजे आणि शेवटची ओळ खाली, लूपच्या बाहेर आली पाहिजे :

```
लिटर = [६.५, ४, ९, ५.५]
एकूण = ०

फॉर माप इन लिटर:
    एकूण = एकूण + माप

प्रिंट(एकूण)
```

"एकूण = एकूण + माप" ही ओळ पाहून गणितात हुशार असलेली मुले विशेष गोंधळतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. शाळेतल्या गणितात बरोबरचे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू समान असल्याचे विधान असते आणि त्या अर्थाने ही ओळ माप शून्य असल्याखेरीज खरी असू शकत नाही. पायथॉनमध्ये ते विधान नसून आज्ञा असते : उजवीकडचा हिशेब आधी कर आणि जे उत्तर येईल ते डावीकडच्या नावात ठेव. पाटीवरचा जुना आकडा वाचला, त्यात माप मिळवले, जुना आकडा पुसून नवा लिहिला, असा त्याचा अर्थ.

त्या मुलाला मी संगणक बंद करायला लावला आणि वहीत दोन रकाने आखायला सांगितले, एक "माप" आणि दुसरा "एकूण". सुरुवातीला एकूणच्या रकान्यात शून्य. पहिल्या फेरीत माप ६.५, एकूण ६.५. दुसऱ्या फेरीत माप ४, एकूण १०.५. तिसऱ्या फेरीत माप ९, एकूण १९.५. चौथ्या फेरीत माप ५.५, एकूण २५. यादी संपली, लूप संपला, आता प्रिंट. मग त्याच पद्धतीने त्याचा स्वतःचा चुकलेला प्रोग्रॅम त्याने वहीत चालवला आणि दुसऱ्या फेरीत एकूण पुन्हा शून्य होताना त्याला पेन्सिलीच्या टोकाशी चूक दिसली. चार दिवस पडद्याकडे पाहून जे उमगले नव्हते ते दहा मिनिटांत उमगले. लूप शिकवताना हा कागदावरचा सराव वगळू नये अशी सगळ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.

या रकान्यांतून आणखी एक बारकावा दिसतो. लूप संपल्यावर "माप" हे नाव पुसले जात नाही, त्यात शेवटचा घटक म्हणजे ५.५ तसाच राहतो. तो पुढे चुकून वापरला गेला तर बेरजेऐवजी शेवटच्या सभासदाचे माप छापले जाईल, आणि आकडा पटण्यासारखा असल्यामुळे चूक लवकर लक्षातही येणार नाही.

## पहिल्याचा क्रमांक शून्य का?

यादीतला एखादाच घटक हवा असेल तर त्याचा क्रमांक चौकोनी कंसात द्यावा लागतो, आणि पायथॉन हे क्रमांक शून्यापासून मोजतो. म्हणजे तालुके या यादीत शून्य क्रमांकावर मिरज आहे आणि तीन क्रमांकावर कडेगाव. चार हा क्रमांक मागितला तर चार तालुके असूनही संगणक चूक दाखवतो.

हा क्रमांक म्हणजे पाळीचा नंबर नव्हे, तर सुरुवातीपासूनचे अंतर आहे असे मानले की अडचण सुटते. मिरज स्थानकावर उभे राहून "मिरज किती दूर?" असे कोणी विचारले तर उत्तर शून्य किलोमीटर असेच येईल, एक नव्हे. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाचा अर्थही हाच आहे. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात मोजणी शून्यापासून का करावी याची कारणे दिली आहेत. पण सुरुवातीला अंतराची कल्पना पुरेशी आहे.

माणसांसाठी यादी छापताना मात्र १ पासूनच क्रमांक हवेत. त्यासाठी पायथॉनमध्ये एन्युमरेट नावाची सोय आहे. ती प्रत्येक घटकाबरोबर त्याचा क्रमांकही हाती देते आणि मोजणी कोठून सुरू करायची हे तिला सांगता येते :

```
फॉर क्रमांक, तालुका इन एन्युमरेट(तालुके, १):
    प्रिंट(क्रमांक, तालुका)
```

सभासदांची नावे एका यादीत आणि त्यांचे लिटर दुसऱ्या यादीत असतील, तर झिप ही आज्ञा दोन्ही रांगांना हाताला हात धरून बरोबर चालवते. तिची एक सवय माहीत असावी. एक यादी पाच जणांची आणि दुसरी चार मापांची असेल, तर ती चौथ्या जोडीनंतर काही न बोलता थांबते आणि पाचव्या सभासदाची पावती निघतच नाही. दोन्ही याद्या सारख्याच लांबीच्या आहेत याची खात्री आधी करून घ्यावी.

## पुराची पातळी आणि अटींचा क्रम

प्रत्येकासाठी तेच काम करायचे म्हणजे प्रत्येकाला तेच उत्तर मिळावे असे नाही. डेअरीवर फॅटप्रमाणे दर बदलतो. काम एकच असते, पण त्यात "असे असेल तर" ही अट असते. पायथॉनमध्ये अटीसाठी इफ आणि पुढच्या पर्यायी अटीसाठी एलिफ हे शब्द आहेत. सांगलीकरांना याचे उदाहरण वेगळे द्यायला नको. १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी, हे येथे लहान मुलांनाही पाठ असते. शिकण्यापुरते पाच आकडे घेऊ :

```
पातळ्या = [३६, ३९, ४१, ४४, ४६]

फॉर फूट इन पातळ्या:
    इफ फूट >= ४०:
        प्रिंट(फूट, "इशारा पातळी")
    एलिफ फूट >= ४५:
        प्रिंट(फूट, "धोका पातळी")
```

पहिल्यांदा वाचताना यात काही वावगे दिसत नाही. चाळीस आधी, पंचेचाळीस नंतर, वाढत्या क्रमाने सगळे नीट मांडलेले आहे. आता कागद घ्या आणि ४६ ची फेरी चालवा. ४६ हे ४० पेक्षा मोठे आहे, पहिली अट पुरी झाली, "इशारा पातळी" छापले गेले. एलिफचा अर्थ "वरची अट पुरी झाली नसेल तरच पुढे पाहा" असा असल्यामुळे दुसऱ्या अटीकडे संगणक वळतच नाही. ४६ काय किंवा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाठली गेलेली ५७ फुटांवरची पातळी काय, हा प्रोग्रॅम कधीही, कोणत्याही आकड्याला धोका पातळी म्हणणार नाही. कारण ४५ च्या वर असलेला प्रत्येक आकडा ४० च्या वर असतोच आणि तो पहिल्याच दारात अडवला जातो.

दुरुस्ती सोपी आहे. कडक अट आधी लिहावी, सैल अट नंतर. ४५ ची तपासणी वर नेली की ४६ ला धोका आणि ४१, ४४ ला इशारा असे योग्य शब्द मिळतात, ३६ आणि ३९ साठी काहीच छापले जात नाही. मी हे उदाहरण दरवर्षी आवर्जून घेते, कारण प्रोग्रॅम न थांबता चालला आणि त्याने काहीतरी छापले म्हणजे तो बरोबर आहे, ही समजूत मुलांच्या मनातून येथे निघते. ज्या मुलाच्या घरात तेव्हा पाणी शिरले होते, त्याला इशारा आणि धोका यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

यादी मध्येच सोडायची असेल तर ब्रेक हा शब्द आहे. पातळी पहिल्यांदा ४५ वर कधी गेली एवढेच शोधायचे असेल, तर ती सापडताच छापावी आणि ब्रेक द्यावा. उरलेली यादी तपासली जात नाही.

## रांगेतून माणूस काढला की

ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. समजा नोंदींत काही ठिकाणी चुकून शून्य लिटर आले आहेत आणि ते काढून टाकायचे आहेत. यादी आहे ६, ०, ०, ५. विद्यार्थी लूप लावतो आणि माप शून्य आढळले की रिमूव्ह या आज्ञेने ते त्याच यादीतून काढतो. अपेक्षा असते ६ आणि ५ उरतील. उरतात ६, ० आणि ५.

असे का झाले ते रांगेवरून कळेल. लूप आत जागेच्या क्रमांकानेच पुढे सरकत असतो. एक क्रमांकाच्या जागेवर त्याला पहिले शून्य दिसले आणि त्याने ते काढले. मागचे सगळे एकेक पाऊल पुढे आले आणि दुसरे शून्य एक क्रमांकाच्या जागेवर येऊन उभे राहिले. लूप मात्र आता दोन क्रमांकाची जागा पाहायला गेला, जेथे ५ आहे. दुसरे शून्य तपासलेच गेले नाही. रांग चालू असताना मधला माणूस बाहेर निघाला आणि त्याच्या मागच्याची पाळी हुकली, असे हे आहे.

उपाय असा की ज्या यादीवरून लूप फिरत आहे तिला फिरताना हात लावू नये. हवे ते घटक नव्या यादीत जमा करावेत :

```
खरी_मापे = []

फॉर माप इन लिटर:
    इफ माप > ०:
        खरी_मापे.अपेंड(माप)
```

अपेंड म्हणजे यादीच्या शेवटी जोडणे. उलट, फिरत असलेल्या त्याच यादीत प्रत्येक फेरीला नवा घटक जोडत गेलात तर रांगेचे शेपूट वाढतच राहते आणि लूप कधीच संपत नाही. असा न थांबणारा प्रोग्रॅम कंट्रोल आणि सी ही दोन बटणे एकत्र दाबून थांबवता येतो. हे पहिल्या दिवशीच सांगावे, नाहीतर मुले घाबरून संगणकाची वीज बंद करतात.

## 'सांगली' या शब्दात अक्षरे किती?

मराठीत शिकणाऱ्यांच्या वाट्याला येणारी ही अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. एखाद्या विद्यार्थ्याकडून चौकोनी कंस राहून जातात आणि यादीऐवजी नुसता शब्दच लूपला दिला जातो. पायथॉन तक्रार करत नाही, कारण शब्द हीदेखील त्याच्या दृष्टीने चिन्हांची रांगच असते. मग पडद्यावर नावाऐवजी तुकडे उमटतात.

"सांगली" हा शब्द दिला तर आपल्या मते तीन अक्षरे यायला हवीत : सां, ग, ली. प्रत्यक्षात सहा ओळी येतात, कारण युनिकोड या जागतिक लिपी-पद्धतीत स, त्याचा काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी ही सहा स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवली जातात. एकटे पडलेले काना-मात्रे पडद्यावर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतात आणि मुलांना वाटते की फाँट बिघडला. "मिरज" या शब्दात तर आणखी गंमत आहे. ऱ्हस्व वेलांटी आपण म च्या आधी काढतो, पण साठवली जाते ती म च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे लांबी विचारली तर मिरजची चार आणि सांगलीची सहा अशी येते.

अशाच कारणाने नावांची यादी आपोआप क्रमवार लावली तर ती मराठी शब्दकोशाप्रमाणे लागेलच असे नाही. आपण ळ हे अक्षर ह नंतर शिकतो, युनिकोडमध्ये ते ल आणि व यांच्या मध्ये बसवलेले आहे. मतदारयादी किंवा सभासदयादी करणाऱ्याला हे माहीत असणे गरजेचे आहे.

## कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, मग हे शिकायचे कशाला?

हा आक्षेप पालक हमखास घेतात आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. होय, वर लिहिलेला प्रत्येक लूप अशी साधने काही क्षणांत लिहून देतात, आणि पुष्कळदा बरोबर लिहून देतात. पण आपल्याला काय हवे आहे ते त्यांना आपणच सांगायचे असते. रोजची बेरीज हवी की दहा दिवसांच्या बिलाची, शून्य लिटरची नोंद ही चूक मानायची की गैरहजेरी, पातळी नेमकी ४० असताना इशारा द्यायचा की ४० च्या वर गेल्यावर, हे प्रश्न भाषेचे नसून कामाचे आहेत. शिवाय जे लिहून मिळाले ते तपासायला वाचता यावे लागते. पुराच्या उदाहरणातली चूक संगणकाने दाखवली नव्हती, ती कागदावर ४६ ची फेरी चालवणाऱ्याला दिसली. ती फेरी चालवण्याचे कौशल्य मुलाने स्वतः दहा-वीस लूप लिहून, चुकवून, दुरुस्त करूनच येते.

दुसरा आक्षेप असा की चार नावे छापायला लूप कशाला, चार वेळा प्रिंट लिहिले की झाले. चार नावांसाठी हे खरेच आहे. पण उद्या पाचवे नाव आले तर पाचवी ओळ लिहावी लागेल, आणि छापण्याची पद्धत बदलली तर पाचही ओळी बदलाव्या लागतील. त्यांतली एक राहून गेली की चूक शिरली. लूपमध्ये काम एकाच ठिकाणी लिहिलेले असते, त्यामुळे ते एकाच ठिकाणी बदलते.

इंग्रजीची भीती हा तिसरा आक्षेप. पायथॉनमध्ये राखीव शब्द ३५ च्या आसपास आहेत आणि सुरुवातीच्या अभ्यासाला त्यांतले दहा-बारा पुरतात. ज्या मुलाला मराठीतून "प्रत्येकासाठी हे कर" असा नेमका विचार करता येतो त्याला ते पाठ करायला आठवडा पुष्कळ झाला. उलट इंग्रजी उत्तम असूनही नेमका विचार करण्याची सवय नसलेली मुले लूपवर अडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

## यादी मोठी झाली की

लूपच्या आत दुसरा लूपही लिहिता येतो. प्रत्येक सभासदासाठी, त्याच्या प्रत्येक दिवसासाठी, सकाळ आणि संध्याकाळ अशी नोंद छापायची असेल तर तीन लूप एकात एक येतात. घड्याळात तासकाटा एक घर सरकेपर्यंत मिनिटकाटा सबंध फेरी मारतो, तसा बाहेरच्या लूपच्या एका फेरीत आतला लूप पूर्ण फिरतो. तीनशे सभासद, दहा दिवस, दोन वेळा म्हणजे ६,००० नोंदी. संगणकाला हे काहीच नाही.

पण फेऱ्यांचा गुणाकार होतो याचा विचार प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीच करावा लागतो. सभासदांच्या यादीत एकच क्रमांक दोनदा आला आहे का हे शोधण्यासाठी नवशिका विद्यार्थी प्रत्येकाची तुलना प्रत्येकाशी करतो. तीनशे जणांसाठी ती ९०,००० तुलना होते आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच उत्तर येते. तीच पद्धत तीन लाख नावांच्या यादीला लावली तर तुलनांची संख्या ९,००० कोटींवर जाते आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा तासन्‌तास चालू राहतो. त्याऐवजी "पाहिलेले" नावाचा एक संच, म्हणजे पायथॉनमधला सेट, जवळ ठेवावा :

```
पाहिलेले = सेट()

फॉर क्रमांक इन सभासद:
    इफ क्रमांक इन पाहिलेले:
        प्रिंट(क्रमांक, "दोनदा आला")
    पाहिलेले.अॅड(क्रमांक)
```

संचात एखादी गोष्ट आहे की नाही हे पाहायला तो सगळा चाळावा लागत नाही, म्हणून तीन लाख नावांसाठी सुमारे तीन लाखच फेऱ्या पुरतात आणि उत्तर पाहता पाहता मिळते. पलूसच्या त्या मुलाने हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्याची शेवटची ओळ चुकून इफच्या आत, आणखी चार जागा उजवीकडे सरकली होती. संच रिकामाच राहिला, एकही क्रमांक छापला गेला नाही आणि पडदा कोरा राहिला. या वेळी त्याने मला विचारले नाही. त्याने वही काढली आणि "क्रमांक" आणि "पाहिलेले" असे दोन रकाने आखले.